लॉग होमच्या भिंती आणि अमेरिकेतला एनर्जी कोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोजमध्ये, टेनेसीकडच्या स्मोकी माउंटन्सच्या बाजूला नाहीतर कोलोरॅडोत ओंडक्यांचं घर म्हणजे लॉग होम घ्यायचंय किंवा नवीन बांधायचंय असं म्हणणारी आपली मराठी मंडळी हल्ली बरीच भेटतात, कुणाला सुट्टीत राहायला हवं असतं, कुणाला भाड्याने द्यायला. आणि सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते, ती म्हणजे परमिटच्या वेळी बिल्डिंग डिपार्टमेंट विचारतं की भिंतीचं इन्सुलेशन कुठंय? तेच तेच प्रश्न इतक्यांदा येतात की एकदाच सगळं लिहून टाकतोय. आकडे अमेरिकन युनिटमध्येच ठेवलेत कारण फॉर्मवर तेच लागतात.

लॉगच्या भिंतीत इन्सुलेशन नसतंच, मग ती कोडमध्ये बसते कशी?

बसते, पण वेगळ्या दाराने. अमेरिकेत घरांच्या ऊर्जेसाठी जो मॉडेल कोड आहे तो आयईसीसी, म्हणजे इंटरनॅशनल एनर्जी कन्झर्व्हेशन कोड, दर तीन वर्षांनी त्याची नवीन आवृत्ती येते. त्यात साध्या लाकडी फ्रेमच्या भिंतीसाठी, म्हणजे टू-बाय-सिक्सचे स्टड (उभे लाकडी खांब) आणि मधे फायबरग्लास अशा भिंतीसाठी जे आकडे दिलेत ते वाचून लोक घाबरतात. उदाहरणार्थ २०१२ पासून झोन ६ ला (हवामानाचा पट्टा, आकडा मोठा तितकी थंडी जास्त) आर-२० आणि वरून सलग आर-५; आर म्हणजे उष्णता अडवायचं माप, ते खाली येतंच. एवढी आर-व्हॅल्यू ओंडक्यातून काढायची तर सतरा इंच सरासरी जाडीची भिंत लागेल, एवढं लाकूड परवडायला घर नाही, किल्ला बांधायला निघालोय असं वाटेल.

पण लॉगची भिंत त्या कॉलममध्ये मोजायचीच नाही हो. त्याच तक्त्यात शेजारी 'मास वॉल' म्हणजे जड भिंत नावाचा कॉलम असतो, काँक्रीट, ब्लॉक, मातीच्या भिंती यांच्यासाठी, आणि त्याच्या व्याख्येत सॉलिड टिंबर आणि लॉग स्पष्ट लिहिलेले आहेत. त्या कॉलममधले आकडे बरेच सौम्य आहेत. म्हणून अर्जावर किंवा सॉफ्टवेअरमध्ये भिंतीचा प्रकार निवडताना 'वूड फ्रेम' वर क्लिक झालं की खेळ तिथेच संपला. भिंत लाकडाची आहे म्हणून लोक सरळ 'वूड' बघून पुढे जातात आणि मग रिजेक्ट होऊन येतं.

लाकडाची आर-व्हॅल्यू नक्की किती धरायची? प्रत्येक बिल्डर वेगळी सांगतो.

आर म्हणजे उष्णतेला किती अडवतं ते, आणि यू म्हणजे त्याच्या उलट, किती जाऊ देतं ते. सॉफ्टवुडसाठी इंचाला १.२५ हा आकडा सगळीकडे चालतो. एनर्जी डिपार्टमेंटची माहिती बघितली तर सॉफ्टवुडला १.४१ आणि हार्डवुडला ०.७१ पर्यंतची रेंज दिसेल. फरक कशाने पडतो तर घनतेने. लाकूड जितकं हलकं तितकी आत हवा जास्त आणि तितका गारठा कमी आत येतो. नॉर्दर्न व्हाइट सीडर आणि ईस्टर्न व्हाइट पाइन ही हलकी लाकडं वरच्या आकड्याकडे झुकतात, डग्लस फर खालच्या बाजूला, आणि ओक तर फारच खाली. ओकचं घर दिसायला भारदस्त असेल पण इंचामागे इन्सुलेशन पाइनपेक्षा कितीतरी कमी, हे सेल्समन सहसा आपणहून सांगत नाही.

त्यात ओलावा. ओलं लाकूड उष्णता जास्त वाहून नेतं. त्यामुळे ब्रोशरवरचा आकडा वाळलेल्या लाकडाचा असतो हे लक्षात असू द्या.

यात आणखी थोडं मिळतं ते हवेच्या थराचं: भिंतीच्या आतल्या बाजूला ०.६८ आणि बाहेर ०.१७, मिळून ०.८५. यू-फॅक्टरने हिशेब करताना हे धरायचं, नुसत्या आर-व्हॅल्यूच्या तक्त्याशी तुलना करताना नाही.

बिल्डर म्हणतो लॉग दहा इंची आहे. मग १० गुणिले १.२५ म्हणजे आर-१२.५ ना?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. दहा इंच हा गोल ओंडक्याचा व्यास झाला, भिंतीची जाडी नव्हे. दोन गोल ओंडके एकावर एक ठेवले की जिथे टेकतात तिथे जाडी जवळजवळ काहीच नसते आणि मधोमध दहा. कोडला हवी असते सरासरी जाडी: ओंडक्याच्या कापाचं क्षेत्रफळ भागिले त्या ओंडक्याने भिंतीची उंची किती वाढवली ते.

टेप घेऊन करून बघा. १० इंच व्यासाचा नुसता गोल ओंडका, क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस इंच, उंची १० इंच, म्हणजे सरासरी ७.८५ इंच. आर-१२.५ ऐवजी हातात आले जेमतेम ९.८. खालच्या बाजूला खोबण कापून ओंडका खालच्यावर नीट बसवला, ज्याला स्वीडिश कोप म्हणतात, तर सरासरी थोडी वर जाते कारण मधली बारीक कंबर भरून निघते. डी आकाराचा लॉग, म्हणजे आतून सपाट बाहेरून गोल, किंवा सरळ चौकोनी लॉग असेल तर व्यास आणि सरासरी यातला फरक कमी. चौकोनी आठ इंची म्हणजे खरोखर आठ इंच, फक्त रंधा मारून साडेसात झालेत का ते विचारायचं.

कंपनीकडून प्रोफाइलचा ड्रॉइंग मागवा ज्यात ॲव्हरेज विड्थ लिहिलेली असते. ती नसेल तर मी तरी त्या कंपनीकडून किट (कापून तयार ओंडक्यांचा संच) घेणार नाही.

माझ्या भागात किती जाडी लागेल?

आधी काउंटीचा क्लायमेट झोन बघा. गॅटलिनबर्ग ज्या काउंटीत आहे ती सेव्हियर काउंटी आणि ॲशव्हिल हे झोन ४ मध्ये, पोकोनोजमधली मन्रो काउंटी आणि डेन्व्हर झोन ५, मिनियापोलिस, बोझमन आणि लेक प्लॅसिड झोन ६, ब्रेकेनरिज झोन ७, आणि अलास्कातलं फेअरबँक्स झोन ८.

२०१२ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये मास वॉलचा यू-फॅक्टर झोन ४ ला ०.०९८, झोन ५ ला ०.०८२, झोन ६ ला ०.०६० आणि ७-८ ला ०.०५७ असा आहे. इंचाला १.२५ धरून उलटा हिशेब केला की झोन ४ मध्ये साधारण साडेसात इंच सरासरी जाडी पुरते, झोन ५ मध्ये नऊ इंचाच्या जरा वर, झोन ६ मध्ये पावणेतेरापर्यंत आणि झोन ७ मध्ये सव्वातेराच्याही पुढे. म्हणजे टेनेसीत आठ इंची चौकोनी लॉग काही न करता पास, तोच लॉग पोकोनोजमध्ये थोडक्यात नापास, आणि मिनेसोटात चांगलाच नापास. एकाच कंपनीचं एकच किट तीन राज्यांत तीन वेगळी उत्तरं देतं ते यामुळे, बिल्डर खोटं बोलत असतोच असं नाही.

ज्यांचा कोड जुना म्हणजे २००९ चा आहे त्यांना झोन ४ मध्ये अजून सवलत होती, ०.१४१. आणि सगळी राज्यं आयईसीसी जशाच्या तशी घेत नाहीत: कॅलिफोर्नियाचा टायटल २४ वेगळा, वॉशिंग्टन आणि फ्लोरिडाचे आपापले, आयडाहोने तर लॉग होमसाठी स्वतंत्र तक्ताच करून ठेवला होता. म्हणून पहिला फोन बिल्डिंग डिपार्टमेंटला, 'तुमच्याकडे कुठली आवृत्ती चालू आहे आणि लॉगसाठी काही अमेंडमेंट आहे का' एवढंच विचारायचं. काही ग्रामीण काउंट्यांमध्ये एनर्जी इन्स्पेक्शन नावालाच असतं, पण त्या भरवशावर घर बांधू नका, हिवाळ्याचं बिल इन्स्पेक्टर भरत नाही.

आयसीसी ४०० काय आहे? इन्स्पेक्टर म्हणाला ते असेल तर बाकी काही नको.

बरोबर म्हणाला, पण अर्धं. आयसीसी ४०० हे लॉगच्या बांधकामासाठीच लिहिलेलं स्टँडर्ड आहे, पहिलं २००७ साली आलं, नंतर २०१२, २०१७ आणि २०२२ च्या आवृत्त्या. आयईसीसीच्या २०१८ च्या आवृत्तीपासून थर्मल एन्व्हलपच्या, म्हणजे भिंत-छत-खिडक्यांच्या कवचाच्या, सेक्शनमध्ये अपवाद दिलाय की आयसीसी ४०० प्रमाणे डिझाइन केलेल्या लॉग होमला तिथल्या अटी लागू नाहीत.

आता याचा अर्थ काहीच अटी नाहीत असा लावून लोक खूश होतात. तसं नाही. आयसीसी ४०० ची स्वतःची ऊर्जेची बाजू आहे, त्यात लाकडाची घनता आणि सरासरी जाडी बघून भिंतीचा यू-फॅक्टर काढायचे तक्ते आहेत. शिवाय स्ट्रक्चरची बाजू वेगळीच: लॉग ग्रेड केलेले हवेत, त्याचं सर्टिफिकेट किंवा शिक्का हवा, सांधे सीलबंद हवेत, भिंत खाली बसते त्याची सोय हवी. म्हणजे सूट नाही, दुसरा पेपर आहे, आणि हा पेपर लॉग समजणाऱ्या माणसांनी काढलाय एवढाच फायदा.

तुमच्या राज्यात अजून २०१५ किंवा आधीची आवृत्ती असेल तर हा अपवाद छापील स्वरूपात नसेल, तिथे इन्स्पेक्टरशी बोलून 'अल्टरनेट' म्हणून मान्य करून घ्यावं लागतं.

भिंत थोडक्यात कमी पडत असेल तर छत जास्त जाड करून भागतं का?

भागतं, आणि माझ्या मते लॉग होमसाठी हाच सगळ्यात शहाणपणाचा रस्ता आहे. याला टोटल यूए म्हणतात. प्रत्येक भागाचं क्षेत्रफळ गुणिले यू-फॅक्टर, सगळ्याची बेरीज, आणि ती बेरीज कोडप्रमाणे बांधलेल्या तशाच घराच्या बेरजेपेक्षा जास्त नको. भिंत कुठे नापास झाली तरी चालते.

खरं उदाहरण घेऊ, झोन ५, २०१८ चा कोड. खिडक्या-दारं वगळून भिंत १,२०० चौरस फूट, आठ इंच सरासरी जाडी, यू आला ०.०९२. कोडला हवा ०.०८२. तूट आली १२. आता छत १,५०० चौरस फूट, कोडला आर-४९ म्हणजे यू ०.०२६ पुरतो, तुम्ही वर सलग फोम घालून आर-६० केलंत तर यू सुमारे ०.०१७, वाचले साडेतेरा. झालं की, पास. वरून २०० चौरस फूट खिडक्या ०.३० च्या जागी ०.२५ च्या घेतल्या तर आणखी १० हाताशी.

हाच हिशेब झोन ६ मध्ये करा. भिंतीची तूट ३८ च्या वर जाते आणि छत-खिडक्या मिळून साडेतेवीस. मग बेसमेंटची भिंत, फ्लोअर असं खरवडत बसावं लागतं नाहीतर लॉग जाड घ्यावा लागतो. २०२१ च्या कोडमध्ये छतच मुळात आर-६० मागितलंय त्यामुळे छतातून मिळणारी ढिलाई अजून कमी झाली.

हिशेब हाताने करायची गरज नाही, एनर्जी डिपार्टमेंटचं रेसचेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात लॉग वॉलचा पर्याय आहे, लाकूड आणि जाडी भरायची. फक्त एक: चांगली फर्नेस किंवा हीट पंप लावला म्हणून भिंतीची सूट मिळेल असं या रस्त्यात नाही, तो व्यवहार २००९ पासून आयईसीसीतून काढून टाकलाय. फर्नेसचं क्रेडिट हवं असेल तर ईआरआय म्हणजे एनर्जी रेटिंग इंडेक्सचा मार्ग बघा, त्याला रेटर म्हणजे रेटिंग करणारा माणूस लागतो आणि पैसेही.

थर्मल मास वगैरे खरं आहे की जाहिरात?

खरं आहे, पण जाहिरातीत सांगतात तितकं सगळीकडे नाही. ओंडका दिवसभर ऊब साठवतो आणि रात्री परत देतो, हे होण्यासाठी बाहेरचं तापमान आतल्या तापमानाच्या वर-खाली झालं पाहिजे, म्हणजे दिवसा गरम आणि रात्री गार.

याची मोजणी नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने, म्हणजे आताच्या एनआयएसटीने, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मेरीलँडमध्ये गेथर्सबर्गला केली होती. वीस बाय वीस फुटांच्या सहा खोल्या शेजारी शेजारी बांधल्या, भिंती वेगवेगळ्या, बाकी सारखं. त्यातली एक सात इंची लॉगची, एक इन्सुलेशन घातलेली लाकडी फ्रेमची, आणि कागदावर फ्रेमच्या भिंतीची आर-व्हॅल्यू लॉगपेक्षा जास्त होती. वसंतात लॉगच्या खोलीला गरम करायला ४६ टक्के कमी ऊर्जा लागली, उन्हाळ्यात थंड करायला २४ टक्के कमी, आणि हिवाळ्यात? जवळपास बरोबरी.

सेल्समन पहिले दोन आकडे सांगतात आणि तिसरा खाऊन टाकतात. ती बरोबरी मेरीलँडच्या हिवाळ्यातली आहे. मिनेसोटाच्या जानेवारीत बाहेर दिवसरात्र गोठणबिंदूच्या खाली असताना उष्णता एकाच दिशेने जात असते, साठवण्याचा प्रश्नच येत नाही, तिथे निव्वळ आर-व्हॅल्यू बोलते. म्हणूनच कोडमध्ये मास वॉलची सवलत दक्षिणेला मोठी आणि उत्तरेला जाता जाता आटत गेलेली दिसते. कोलोरॅडो, न्यू मेक्सिको अशा उंच कोरड्या भागात जिथे दुपारी ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, तिथे लॉग छान चालतो.

ब्लोअर डोअर टेस्टमध्ये लॉग होम नापास होतात हे खरंय का?

खूप होतात. मला विचाराल तर भिंतीच्या जाडीवर लोक महिनाभर वाद घालतात आणि खरी ऊब जाते ती फटींतून.

टेस्ट म्हणजे दारात एक मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचतात, आत-बाहेर ५० पास्कलचा फरक करतात आणि तासाला घरातली सगळी हवा किती वेळा बदलते ते मोजतात. २०१२ पासून झोन ३ ते ८ मध्ये हा आकडा ३ च्या आत हवा, २०२४ च्या आवृत्तीत झोन ६ पासून पुढे अडीच. १,५०० चौरस फुटांचं घर, सरासरी उंची दहा फूट धरली तर १५,००० घनफूट, म्हणजे मिनिटाला ७५० घनफुटांच्या आत गळती राहिली पाहिजे. लॉग होमला उंच छत असतं त्याचा इथे जरा फायदा होतो कारण घनफूट वाढतात, पण तेवढ्यावर विसंबू नका.

पंखा चालू असताना एक उदबत्ती पेटवून घरभर फिरा. भिंतीच्या मधल्या भागात धूर सरळ वर जाईल, आणि कोपऱ्यात जिथे दोन भिंतींचे ओंडके एकमेकांत अडकवलेत तिथे नेलीत की धूर एकदम आडवा होतो. नंतर वर बघा, गेबलच्या तिकोनी भिंतीला छत जिथे मिळतं तिथे. वासे आणि पर्लिन (छताच्या आडव्या तुळया) जिथे लॉगमधून बाहेर पडतात तिथे. खिडकीच्या चौकटीच्या वर. लॉग-टू-लॉग सांध्यापेक्षा या जागा कितीतरी वाईट असतात, कारण सांध्यात कंपनीने टंग-अँड-ग्रूव्ह (एकात एक बसणारी जीभ-खाच) आणि गॅस्केट (दाबून बसणारी सीलची पट्टी) दिलेलं असतं पण गेबल आणि छताचा जोड हा साइटवरच्या माणसाच्या मर्जीवर असतो.

टेस्ट दोनदा करा. एकदा छत आणि खिडक्या बसल्यावर, आतलं फिनिशिंग होण्याआधी, तेव्हा फटी दिसतात आणि हात पोचतो. शेवटी सर्टिफिकेटसाठी दुसऱ्यांदा. पहिल्या टेस्टचे पैसे वाचवणारे शेवटी टंग-अँड-ग्रूव्हचं सिलिंग उचकटतात.

चिंकिंग, कॉक, गॅस्केट, फोम टेप... नक्की काय लावायचं?

चिंकिंग आणि कॉक म्हणजे ओंडक्यांमधली फट बुजवायचे लेप. त्यांच्या दोन ओळी असाव्यात, एक आत एक बाहेर, आणि दोन्ही ताणल्या जाणाऱ्या. जुन्या घरांतला सिमेंट-चुन्याचा चिंक लाकूड हललं की सुटतो, आताचा ॲक्रिलिकचा ताणला जातो. मागे बॅकर रॉड म्हणजे फोमची गोल दोरी हवीच, नाहीतर चिंकिंग तिन्ही बाजूंना चिकटतं आणि ताणताना फाटतं. लॉग रचताना मधे ईपीडीएम रबराचं गॅस्केट किंवा फोम टेप, ती नंतर घालता येत नाही, त्यामुळे रचणाऱ्यांच्या डोक्यावर उभं राहा.

आणि ओंडक्याला उभ्या-आडव्या चिरा पडतातच, तो दोष नाही. फक्त ज्या चिरेचं तोंड वरच्या बाजूला आहे तिच्यात पाऊस साचतो, ती आधी भरा. खालच्या तोंडाची चीर तशीच राहिली तरी बिघडत नाही.

भिंत खाली बसते म्हणजे काय, आणि त्याचा इन्सुलेशनशी काय संबंध?

लाकूड वाळतं तसं आडवं आक्रसतं. हिरव्या लाकडाचे हाताने घडवलेले ओंडके असतील तर कारागीर फुटामागे पाऊण इंच धरतात, म्हणजे आठ फूट भिंत सहा इंचांपर्यंत खाली येऊ शकते! भट्टीत वाळवलेल्या, मशीनवर कापलेल्या लॉगला हे बरंच कमी. पण खिडक्या, दारं, आतल्या फ्रेमच्या भिंती, चिमणी या गोष्टी खाली बसत नाहीत, म्हणून प्रत्येक खिडकीच्या वर मुद्दाम मोकळी जागा ठेवतात आणि खांबांच्या खाली स्क्रू जॅक, म्हणजे फिरवून उंची कमी करता येणारे आधार.

संबंध असा की ती खिडकीवरची मोकळी जागा पट्टीने झाकलेली असते, त्यामुळे डोळ्याला दिसत नाही आणि मागे पोकळ. तिथे स्प्रे फोम मारला तर तो कडक होतो आणि भिंत त्याच्यावर लटकते, वरच्या सांध्यात फट पडते. दाबला जाणारा मऊ फायबरग्लास किंवा लोकर घालायची. पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत जॅक सैल करायला आणि सील तपासायला कुणीतरी यायलाच हवं, भाड्याने दिलेल्या घरात हे हमखास राहून जातं कारण मालक न्यू जर्सीत आणि घर डोंगरात.

आतून फ्रेम मारून इन्सुलेशन घातलं तर?

करता येतं, पण तीन गोष्टींचा विचार करा. आतून लॉग दिसणार नाही, मग लॉग होम घेतलं कशाला. दुसरं, इन्सुलेशन आतल्या बाजूला गेलं की ओंडक्याचा मास घराच्या ऊबेपासून तुटतो, आणि कोडलाही हे माहीत आहे, अर्ध्याहून जास्त इन्सुलेशन आतून असेल तर मास वॉलचा मोठा आर-आकडा लागतो, झोन ५ मध्ये १३ ऐवजी १७, झोन ६ मध्ये १५ ऐवजी २०. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं ओलावा. लॉग आता थंड राहतो आणि आत वाळू शकत नाही. प्लास्टिक शीट किंवा फॉइल लावलेला फोम आतून ठोकलात तर पाऊस लागलेली बाजू कुजायला घातली म्हणून समजा. करायचंच असेल तर मिनरल वूल आणि ओलावा जाऊ देणारी मेम्ब्रेन, आणि बाहेर छपराचा पागोळा चांगला दोन-तीन फूट पुढे.

नवीन बांधताना लॉगचा नुसता लूक हवा असेल तर फ्रेमची भिंत, बाहेर सलग फोम आणि वर अर्धगोल लॉग साइडिंग हा सरळ मार्ग आहे. मात्र मग ती मास वॉल नाही, फ्रेमच्या कॉलममधले सगळे आकडे भरावे लागतात. मधे फोम भरलेले लॉगही मिळतात, त्यांचा टेस्ट रिपोर्ट मागा, तोंडी आर-व्हॅल्यूवर जाऊ नका.

जुनं लॉग केबिन विकत घेतलं तर आजच्या कोडला आणावं लागेल का?

नुसतं विकत घेतलं म्हणून नाही. जुनं जे आहे ते आहे तसं चालतं. जो भाग बदलाल किंवा नवीन जोडाल त्याला आजचा कोड. एक बेडरूम वाढवली तर त्या बेडरूमच्या भिंती-छत-खिडक्या आजच्या, जुन्या हॉलला हात लावायची सक्ती नाही. ज्याची ऐतिहासिक म्हणून नोंद आहे त्याला आणखी वेगळी मुभा असते, पण त्यासाठी लेखी रिपोर्ट द्यावा लागतो.

जुन्या केबिनमध्ये पैसे घालायचेच तर आधी फटी, मग छत, मग क्रॉल स्पेस (जमिनीखालची रांगत जायची पोकळी). भिंतीकडे सगळ्यात शेवटी.

परमिटच्या फाइलमध्ये काय काय लावू?

लॉग प्रोफाइलचं ड्रॉइंग सरासरी जाडीसकट, लाकडाची जात आणि वाळवणीची टक्केवारी, ग्रेडिंगचं सर्टिफिकेट, रेसचेकचा रिपोर्ट किंवा आयसीसी ४०० चा हिशेब यातलं एक (दोन्ही नका जोडू, इन्स्पेक्टर गोंधळतो आणि दोन्हीतलं कडक ते मागतो), सांध्याचा आणि कोपऱ्याचा डिटेल ज्यात गॅस्केट दाखवलंय, खिडकीच्या वरच्या मोकळ्या जागेचा डिटेल. फाइल देण्याआधी समोरासमोर पंधरा मिनिटं बोला. त्या काउंटीत वर्षाला मोजकीच लॉग होम होत असतील तर समोरच्या माणसानेही मास वॉलचा कॉलम कधी उघडलेला नसतो, त्याला पान दाखवायचं, वाद घालायचा नाही.

महाबळेश्वरला किंवा कोकणात असं घर बांधलं तर तिथे काय नियम?

भारतात घरांसाठी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची इको निवास संहिता आहे, तिची पहिली आवृत्ती २०१८ ची. त्यात थंड प्रदेशात छत सोडून बाकी कवचातून जाणारी उष्णता यू १.८ च्या आत आणि बाकी हवामानात आरईटीव्ही नावाचा (त्याच कवचातून आत येणाऱ्या उष्णतेचा) आकडा प्रति चौरस मीटर १५ वॅटच्या आत ठेवायला सांगितलंय, युनिट मेट्रिक. सहा इंची लॉगचा यू तिथल्या मापात एकच्या आत येतो, त्यामुळे भिंतीचा प्रश्नच येत नाही, विटेच्या भिंतीपेक्षा कितीतरी बरी. तिथे घाम फोडणार ते वाळवी, चार महिन्यांचा आडवा पाऊस आणि पत्र्याचं छत. छताखाली इन्सुलेशन घाला, जोत्याला वाळवीचं ट्रीटमेंट करून घ्या, पागोळे लांब काढा, आणि पाइन नेऊ नका.